वाऱ्याचा वापसा : प्रस्तावना

लातूर जिल्ह्यातलं आमचं जळकोट साधारण ७७ अंश पूर्व रेखांशावर येतं. हा रेखांश धरून सरळ दक्षिणेला निघालं तर रायचूर, तुमकूर, कोइमतूर ही गावं थोडी डाव्या-उजव्या हाताला राहतात, नागरकोविलच्या आसपास जमीन संपते आणि पुढे पाच हजार किलोमीटर नुसतं पाणी लागतं. त्यानंतर एक बेट येतं. अ‍ॅमस्टरडॅम बेट, ३७ अंश ५० मिनिटं दक्षिण, ७७ अंश ३३ मिनिटं पूर्व. बेट फ्रान्सचं आहे आणि तिथल्या संशोधन तळावरची माणसं सोडली तर तिथं कुणी राहत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये या बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रातून भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांना, पाठीचा मणका दुखावलेल्या आणि उठताही येत नसलेल्या अवस्थेत, ओसिरिस नावाच्या फ्रेंच गस्ती जहाजानं उचललं आणि बेटावर आणून ठेवलं. तिथून आपल्या नौदलाच्या सातपुडा या युद्धनौकेनं त्यांना घरी आणलं.

त्या वर्षी गणपती विसर्जन २३ सप्टेंबरला होतं. टॉमींची नौका २१ तारखेला उलटली, २४ तारखेला सुटका झाली. मराठवाड्यात पावसानं पाठ फिरवली होती, शेंगा भरायच्या आतच सोयाबीन पिवळं पडत होतं. मी भूगोलाचा शिक्षक. टॉमी पृथ्वीप्रदक्षिणेच्या ज्या शर्यतीत उतरले होते, तिच्या टाचण्या वर्गातल्या जगाच्या नकाशावर लावत होतो. बातमीत अक्षांश-रेखांश आले होते, त्याप्रमाणे टाचणी लावली आणि नजर वर नेली. टाचणी आपल्याच गावाच्या थेट खाली लागली होती. हे पुस्तक त्या टाचणीपासून सुरू झालं.

शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करतात आणि त्याची शर्यतही असते, हे आता आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक आहे. पण आपण ती गोष्ट धाडसाची म्हणून ऐकतो आणि धाडसाची म्हणूनच पुढे सांगतो. लाटा किती मीटर होत्या, किती दिवस माणूस दिसलं नाही, डबाबंद जेवण संपल्यावर काय खाल्लं. धाडस खरंच आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मात्र एवढ्यावर थांबलं की गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हातून निसटतो. या माणसानं अमुकच वाट का धरली? अमुक तारखेलाच का निघाला? समोर वादळ दिसत असताना वळसा घालायचा की पुढून निसटायचं, हे त्यानं कशाच्या आधारावर ठरवलं? या प्रश्नांची उत्तरं हवामानात आहेत, आणि हवामान वाचून निर्णय घेणं हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडे पेरणीचा निर्णय पाऊस पडला म्हणून होत नाही. पाऊस पडून गेल्यावर रान वापशावर यावं लागतं. ढेकूळ हातात घेतलं की ते ना चिकटावं, ना धुरळा व्हावं. ती दोन-तीन दिवसांची फट असते. तिच्या आधी तिफण घातली तर चिखल, नंतर घातली तर बी कोरड्यात. शिवाय पहिल्या पावसावर भुलून पेरलं आणि मधे पंधरा दिवस उघडीप पडली तर दुबार पेरणी. बियाणं गेलं, खत गेलं, वर उसनवारीचं व्याज. माझे वडील मिरगाच्या दिवसांत रोज पहाटे रानात जाऊन मूठभर माती दाबून पाहत आणि काही न बोलता परत येत. शेजारच्या शिवारात तिफणी चालू झालेल्या असताना घरी बसून राहायला किती जिगर लागते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. पुढे मोठ्या खलाशांची वर्णनं वाचताना मला वारंवार तीच मूठ आठवली. समुद्रालाही वापसा असतो. वाट आखणं म्हणजे तो हेरणं.

या पुस्तकात शिरण्याआधी एक काम करा. पृथ्वीचा गोल घ्या आणि उलटा धरून खालून पाहा. मधोमध अंटार्क्टिका दिसेल आणि तिच्याभोवती पाण्याचं एक अखंड कडं. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याला पदोपदी डोंगर आणि खंड आडवे येतात. तिथं, ४० अंश दक्षिणेच्या खाली, अडवायला जवळपास काहीच नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा पृथ्वीभोवती फिरतच राहतो. शाळेच्या पुस्तकात आपण यांनाच गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ म्हणून पाठ केलं होतं. या कड्यात दक्षिण अमेरिकेचं एकच टोक खोलवर घुसलेलं दिसेल, जवळजवळ ५६ अंशांपर्यंत. ते केप हॉर्न. आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप आणि ऑस्ट्रेलियाचं केप लुइन ही दोन टोकं त्यामानानं बरीच वर, ३४ अंशांच्या आसपास राहतात.

आता नियम पाहा. प्रदक्षिणा पूर्ण धरायची तर निघाला तिथंच परत यायचं, सगळे रेखांश ओलांडायचे, विषुववृत्त दोनदा तरी ओलांडायचं, सुवेझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही, आणि किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा हवेतून आलेला नाही. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाची ६० मिनिटं, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार करून पाहा. या नियमांत दिशा कुठंच सांगितलेली नाही, पण जवळपास प्रत्येक जण पश्चिमेकडून पूर्वेकडेच जातो. त्या पाण्याच्या कड्यातला वारा ज्या बाजूला वाहतो, त्याच बाजूला. म्हणजे वाटेचा पहिला निर्णय माणूस घेत नाही, वारा घेतो. दुसरा निर्णय ऋतू घेतो. केप हॉर्न दक्षिणेच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत गाठायचं. सुहैली नौकेनं ते १७ जानेवारी १९६९ ला ओलांडलं, टॉमींच्या म्हादेईनं जानेवारी २०१३ मध्ये, नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांच्या तारिणीनं जानेवारी २०१८ मध्ये. नौका वेगळ्या, निघण्याची बंदरं वेगळी, दशकं वेगळी, पण महिना तोच.

सुहैलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती मुंबईची. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत नोकरीला असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुणानं साठच्या दशकात ती मुंबईत सागवानात बांधून घेतली. लांबी ३२ फूट. सुहैली हे नाव इराणच्या आखातातल्या अरब खलाशांनी एका आग्नेय वाऱ्याला दिलेलं. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून तो निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, कुठंही न थांबता परत आला. असं करणारा तो पहिला माणूस. त्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी करणारा तो एकटाच. बर्नार मॉइतेस्ये हा फ्रेंच खलाशी हॉर्न ओलांडून जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच भटकत राहिला आणि रेडिओवरून खोट्या जागा कळवत गेला. त्याचा शेवट दुःखद झाला. त्याच्याबद्दल वाचताना मला एक गोष्ट नेहमी हलवते. खोटी जागा सांगायची तर तिथला वारा, तिथला दाब, तिथलं आभाळसुद्धा रोज खोटं रचावं लागतं. हवामानाशिवाय जागा म्हणजे नुसता आकडा.

आता आपल्या पावसाकडे येतो, कारण या पुस्तकाचा मराठवाड्याशी संबंध टाचणीपुरता नाही. दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, ३० अंश दक्षिणेच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचा एक प्रचंड पट्टा असतो. मास्करीन बेटांवरून त्याला मास्करीन हाय म्हणतात. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. त्यामुळे या पट्ट्याच्या उत्तर कडेवरून जे वारे निघतात ते आग्नेय व्यापारी वारे. आपल्या उन्हाळ्यात ते विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळतात, नैऋत्य वारे होतात, अरबी समुद्राचं पाणी उचलतात आणि सह्याद्रीवर आदळतात. घाटावर बरंचसं सांडून उरलेलं घेऊन ते आमच्याकडे येतात. जळकोटच्या रानात पडणाऱ्या पावसाचा एक धागा असा त्या दक्षिणेच्या दाबापर्यंत जातो. आणि त्याच पट्ट्याच्या दक्षिण कडेवरून, अ‍ॅमस्टरडॅम बेटाच्या अंगानं, शर्यतीच्या नौका पूर्वेकडे धावत असतात. त्या पट्ट्याच्या पोटात शिरली तर नौका वाऱ्यावाचून दिवसच्या दिवस डुलत बसते. फार खाली गेली तर वादळांच्या रांगेत सापडते. हा पट्टा कुठं सरकला, केवढा पसरला, याकडे तिथला खलाशी पाहत असतो आणि आपल्या हवामान खात्याचे शास्त्रज्ञही पाहत असतात. मला हे कळलं त्या दिवशी वर्गात शिकवताना आवाज भरून आला होता, हे इथं नमूद करतो.

मुंबईहून निघणाऱ्याचा हिशेब युरोपातून निघणाऱ्यापेक्षा वेगळा, आणि तो मराठीत कुणी नीट मांडलेला माझ्या वाचनात नाही. म्हणून त्यावर या पुस्तकात दोन प्रकरणं आहेत. एकट्या भारतीयानं शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा करावी हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१ च्या युद्धातले वीरचक्रप्राप्त अधिकारी. निवृत्तीनंतर ते राहायला गेले फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला, माणदेशाच्या कोरड्या अंगाला. समुद्रापासून इतक्या लांब बसून त्यांनी हा ध्यास जोपासला, याचं मला फार अप्रूप आहे. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, आणि गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची म्हादेई बांधली गेली. दांडेकरांनी त्याआधी असली नौका बांधलेली नव्हती. पुढे टॉमींची तुरिया, म्हणजे सुहैलीची प्रतिकृती, तीही त्यांच्याच हातची.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले होते. कोळी बांधव समुद्र उघडला म्हणतात ती हीच वेळ, पण नैऋत्य मॉन्सून अजून संपलेला नसतो आणि दक्षिणेला जाणाऱ्या नौकेला तो तोंडावरच येतो. तरी निघणं भाग होतं, कारण चार मुक्कामांपैकी फ्रीमँटल आणि लिटल्टन करून उन्हाळा आहे तोवर हॉर्न गाठायचं होतं, आणि पोर्ट स्टॅनली, केपटाउन करून पुढचा मॉन्सून यायच्या आत घर. १९ मे २०१० ला ते मुंबईला पोचले. केरळात मॉन्सून साधारण १ जूनला धरतात, म्हणजे हातात बारा-तेरा दिवस उरले होते.

टॉमींना २०१२ मध्ये कुठंही न थांबता जायचं होतं, म्हणून त्यांची तारीख वेगळी: १ नोव्हेंबर. तोवर अरबी समुद्रात वारा फिरलेला असतो. ईशान्येकडून येणारा कोरडा वारा नौकेला मागून दक्षिणेकडे लोटतो. विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा कसाबसा ओलांडला की आग्नेय वारे समोरून येतात. तिथं शिडं ताणून, वाऱ्याच्या जितकं तोंडाशी जाता येईल तितकं जात, नौका झुकलेल्या अवस्थेत दिवस काढावे लागतात. मग जास्त दाबाच्या कडेनं वाट काढत खाली उतरलं की पश्चिमी वारे भेटतात आणि तिथून पुढे नौकेचं तोंड पूर्वेला. ऑस्ट्रेलियाच्या खालून, न्यूझीलंडच्या खालून, हॉर्न, अटलांटिक, गुड होप, आणि आग्नेय वारे आता पाठीशी घेऊन वर. ३१ मार्च २०१३ ला ते मुंबईला आले. १५१ दिवस. आपल्या पुस्तकाचं नावही त्यांनी हाच आकडा ठेवलं आहे. किमान अंतर धरलं तरी ही गती सरासरी ताशी सहा सागरी मैलांची होते, आणि त्या गतीत रात्री, वाऱ्याशिवायचे दिवस, दुरुस्त्या सगळं आलं.

ऋतूची ही चौकट दरवेळी तंतोतंत पाळता येत नाही. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून तारिणीतून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. नेहमीच्या हिशेबानं त्या मॉन्सूनच्या आधी यायला हव्या होत्या. पण त्या वर्षी मॉन्सून २४ मेलाच केरळात दाखल झाला आणि त्यांच्या आधी गोव्यात पोचला. त्याच मे महिन्यात आमच्याकडे उन्हाळी कामं अर्धवट टाकून माणसं आभाळाकडे बघत होती.

आता गतीचा प्रश्न. या पुस्तकातलं माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथं आहे, म्हणून सावकाश सांगतो. दक्षिणेच्या कड्यात कमी दाबाची केंद्रं एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. त्यांचा वेग ताशी पंचवीस-तीस सागरी मैलांच्या घरातला. सुहैलीनं ३१२ दिवसांत सुमारे ३०,००० मैल कापले, म्हणजे ताशी चार. चार मैलांनी जाणाऱ्या नौकेला हवामान निवडता येत नाही. प्रत्येक वादळ मागून येतं, अंगावरून जातं, पुढे निघून जातं. तिच्या हाती फार तर एवढंच की वादळाच्या उत्तरेला राहायचं, कारण तिथं वारा पश्चिमेचा मिळतो आणि दक्षिणेला तो उलटा, तोंडावर. अशा नौकेची खरी चतुराई निघण्याच्या तारखेत असते. एकदा किनारा सोडला की निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात.

याच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्सची वांदे ग्लोब. १९८९ पासूनची, दर चार वर्षांनी होणारी, एकट्यानं, न थांबता, मदतीशिवाय. पहिल्या शर्यतीत तितुआं लामाझूला १०९ दिवस लागले. १४ जानेवारी २०२५ ला शार्ली दालॅंनं ती ६४ दिवस १९ तासांत संपवली, सरासरी सतरा नॉटांच्या, म्हणजे ताशी सतरा सागरी मैलांच्या वर. पाण्याबाहेर पंखांवर उचलल्या जाणाऱ्या या नौका वादळाच्या बरोबरीनं धावू शकतात. त्यामुळे इथं प्रश्नच बदलतो. वादळाच्या पुढच्या अंगाला वायव्येचा सपाट, जोरकस वारा असतो, लाटा अजून चढलेल्या नसतात. तिथं टिकून राहिलं तर दिवसाला पाचशे मैल होतात. मागे पडलं तर तीच लाट पुढे भिंत होऊन उभी राहते.

या शर्यतीचा एक नियम मला फार आवडतो. किनाऱ्यावर बसलेल्या हवामानतज्ज्ञानं अमुक वाट धर असं खलाशाला सांगायचं नाही. दाबाचे नकाशे, वाऱ्याच्या अंदाजाच्या ग्रिब फायली सगळ्यांना मिळतात. नौकेवरच्या संगणकात त्या नौकेचं कोष्टकही असतं, म्हणजे कोणत्या वाऱ्यात, वाऱ्याशी किती कोन केला तर किती गती. त्यावरून संगणक समकाल रेषा काढतो: आत्तापासून सहा तासांत नौका कुठवर पोचेल, बारा तासांत कुठवर, अठरा तासांत कुठवर. त्या रेषांतून सगळ्यात लवकर पोचवणारी वाट दिसते. पण हे सगळं ज्या अंदाजावर उभं आहे तो चार-पाच दिवसांपुढे विरत जातो. आठव्या दिवसाची वाट संगणक तितक्याच ठळकपणे दाखवतो, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा हे मात्र माणसानं ठरवायचं. तेही तुटक झोपेत, एकट्यानं.

डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, पुन्हा आपल्याच रेखांशाच्या पश्चिमेला, केर्गेलेन बेटांच्या बाजूला एक मोठं वादळ वाटेत आलं. दालॅं आणि सेबास्तियां सिमों यांनी त्याच्या पुढून, हिमनगांसाठी आखलेल्या निषिद्ध सीमेला घासून, दक्षिणेकडून निसटायचं ठरवलं. योआन रिशोमनं उत्तरेकडून वळसा घेतला. पहिल्या दोघांना शेकडो मैलांची आघाडी मिळाली आणि सगळीकडे त्यांचं कौतुक झालं. पण पुढे प्रशांत महासागरात वाऱ्यानं दिलेलं परत घेतलं. रिशोम हळूहळू जवळ येत गेला आणि २४ डिसेंबरला केप हॉर्न त्यानं आधी ओलांडलं, दालॅंच्या अवघी काही मिनिटं पुढे. मग अटलांटिकच्या चढणीत दालॅंनं पुन्हा आघाडी घेतली आणि एका दिवसाच्या आत-बाहेरच्या फरकानं शर्यत जिंकली. कुणाचा निर्णय बरोबर होता? मी यावर बराच विचार केला आहे. माझ्या मते दोघांचाही, कारण प्रत्येकानं आपल्या नौकेचा अंदाज घेऊन आपल्याला झेपेल तेवढंच घेतलं. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरणारा शेतकरी आणि पुढचा गेला म्हणून वादळात शिरणारा खलाशी, दोघांचं नुकसान सारखंच होतं.

सेंट हेलेनाचा जास्त दाब, केप व्हर्देच्या बेटांची वाऱ्याला पडणारी सावली, विषुववृत्ताचा शांत पट्टा पश्चिमेकडे अरुंद होतो म्हणून तिकडून ओलांडायची पद्धत, हे सगळं पुस्तकात सविस्तर आहे, इथं लांबवत नाही. एवढंच सांगतो की युरोपातून गुड होपकडे जाणारी नौका नकाशावर उगाच ब्राझीलकडे गेल्यासारखी दिसते. सरळ रेघ जास्त दाबाच्या निर्वात पोटातून जाते. पश्चिमेकडून वळसा घेतला तर आधी उत्तरेचा आणि मग पश्चिमेचा वारा सतत पाठीशी राहतो. वास्को द गामानंही १४९७ मध्ये असाच लांबचा फेरा घेतला होता.

आता पुन्हा त्या टाचणीकडे. २०१८ ची गोल्डन ग्लोब ही पहिल्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, त्या काळच्या साधनांनिशी घेतलेली शर्यत होती. जीपीएस नाही. जागा काढायची सेक्स्टंटनं सूर्य-तारे मोजून, हवामान कळायचं बॅरोमीटर आणि रेडिओवरून. नौका छत्तीस फुटांच्या आत. शर्यत फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून १ जुलैला सुटली. म्हणजे सप्टेंबरात, दक्षिणेचा हिवाळा अजून पुरता सरला नसताना, हळू चालणाऱ्या नौका हिंदी महासागरात होत्या. टॉमी तिसरे होते. त्या वादळात वारा सत्तर नॉटांपर्यंत गेला आणि लाटा चौदा मीटरपर्यंत.

पण लाटेच्या उंचीनं नौका उलटत नाही, हे समजून घ्यायला हवं. वादळ येताना वारा वायव्येकडून असतो, त्याच्या लाटा आग्नेयेकडे धावतात. मग थंड हवेची आघाडी डोक्यावरून जाते, वारा काही मिनिटांत नैऋत्येला फिरतो, आणि नव्या दिशेच्या लाटा जुन्या लाटांवर आडव्या चढतात. दोन लाटा जिथं एकत्र येतात तिथं पाण्याचा सुळका उभा राहून कोसळतो. त्याच्या बाजूला नौका आडवी सापडली की संपलं. तुरिया पूर्ण गोल फिरली, डोलकाठ्या मोडल्या. जवळच असलेल्या आयर्लंडच्या ग्रेगर मगकिनच्या नौकेचीही तीच गत झाली, आणि मोडक्या नौकेनिशी तो टॉमींच्या दिशेनं निघाला होता, हे विसरू नये.

पुढची गोल्डन ग्लोब ४ सप्टेंबर २०२२ ला सुटली, मागच्यापेक्षा दोन महिने उशिरा. वाट जवळपास तीच, नौका तशाच, तारीख मात्र सरकली आणि नौका हिंदी महासागरात उन्हाळ्याच्या तोंडाशी पोचल्या. टॉमी, पाठीत धातूच्या सळ्या घेऊन, पुन्हा उतरले. बयानत या छत्तीस फुटी नौकेतून ते त्याच पाण्यातून गेले आणि २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवसांनी, दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर. वाटेत नौका बुडालेल्या टापिओ लेह्टिनेन या स्पर्धकाला तिनं तराफ्यावरून वाचवलं होतं. तारीख बदलल्यानं सगळं सोपं झालं असं मात्र कुणी समजू नये. सोळा निघाले, मूळ नियमांनिशी तिघेच पोचले. कुणाचं सुकाणू गेलं, कुणाच्या नौकेच्या बुडाला शंख-शिंपल्यांचे थर बसले, कुणी थकलं. चांगल्या वापशावर पेरलं तरी टोळधाड येतेच. तरी वापशाची वाट पाहणं कुणी सोडत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती आमच्या जिल्ह्यातल्या मुलांनी पाहिली आहे. पाणी हा शब्द त्यांच्या मनात टंचाईशी जोडलेला आहे. समुद्र त्यांनी बहुतेकांनी पाहिलेला नाही. अशा मुलांसाठी हे पुस्तक आहे. त्यांनी खलाशी व्हावं म्हणून नव्हे, झाले तर आनंदच आहे. आपल्या रानावरचा वारा कुठून निघाला आणि वाटेत कुणाच्या शिडातून गेला, हे त्यांना ठाऊक असावं. शिक्षकांना माझी विनंती आहे की भूगोलाच्या तासाला वारे नुसते बाणांनी काढून दाखवू नका. एक नौका घ्या, तिला बंदरातून काढा, आणि आता कुठं जायचं हे मुलांना ठरवू द्या.

पुस्तकाच्या शेवटी कोरा नकाशा जोडला आहे. वाचताना त्यावर पेन्सिलीनं टिंबं देत जा, आणि प्रत्येक टिंबाशेजारी तारीख लिहा, त्या दिवशी जळकोटच्या, किंवा तुमच्या गावच्या, आभाळाची स्थितीही लिहा. पहिलं टिंब मी देतो: १ नोव्हेंबर २०१२, मुंबई, वारा ईशान्येचा.